अमावास्येची लॅब

ठाण्यापासून आंबिवलीपर्यंतच्या टापूत गेल्या काही वर्षांत जीवशास्त्रात जे काही संशोधन झालं असेल, त्यातलं निम्मं तरी आमच्या पीएचडीवाल्या ताईच्या थर्माकोलच्या पेटीतून झालेलं आहे, असं मी छातीठोकपणे सांगतो. उरलेलं निम्मं झालेलं नाही, फक्त लिहिलेलं आहे. त्या लिहिण्यात माझाही थोडा हात आहे, पण ते ओघात येईलच. ताई म्हणजे माझी सख्खी, चुलत, मावस अशी कुठलीच बहीण नव्हे. एमएस्सीला प्रवेश घेतला त्या पहिल्या दिवशी डिपार्टमेंटच्या जिन्यात एक चष्मेवाली, किडकिडीत, खांद्याला पेटी अडकवलेली बाई धाडधाड उतरताना दिसली. मी आपला नवखा, अदबीने विचारलं, "ताई, इथे डिस्टिल्ड वॉटर कुठे मिळतं?" ती थांबली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "इथे? इथे फक्त मार्गदर्शन मिळतं. पाणी हवं असेल तर खाली कोपऱ्यावर बॅटरीवाला आहे. माझं नाव सांग, ताजा कॅन देईल." तेव्हापासून ती माझी ताई, आणि बॅटरीवाला आमचा रसायनविभाग.

आमच्या कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या माजी विद्यार्थी मेळाव्याचं आमंत्रण येईल आणि भाषणं ऐकावी लागतील. पण त्याचं माहितीपत्रक वाचलंत तर तुम्ही स्वतःच्या पोराला परदेशातून उचलून इथे आणून घालाल. 'सुसज्ज प्रयोगशाळा, समृद्ध ग्रंथालय, अद्ययावत मध्यवर्ती उपकरण कक्ष.' यातलं खोटं काही नाही बरं का! कक्ष आहे. त्याला कुलूपही अद्ययावत आहे. किल्ली विभागप्रमुख सरांकडे असते, आणि सर कुठे असतात ते सरांच्या घरीही माहीत नसतं. आत एक सोडून सगळी यंत्रं पॅकिंगच्या प्लॅस्टिकसकट बसवलेली, कारण वापरली की ती खराब होतात, आणि खराब झाली की तपासणीला येणाऱ्या कमिटीला दाखवायची काय? एका फ्रीजरची पिन तर भिंतीतल्या एकाही प्लगात जात नाही, म्हणून तो कपाट म्हणून वापरात आहे. त्यात सरांची छत्री असते. कमिटी यायच्या आदल्या आठवड्यात आम्हा पोरांना बसवून प्रत्येक यंत्राचं वापराचं रजिस्टर भरून घ्यायचे. निळं पेन, काळं पेन, मध्येच एखादं जेल पेन, म्हणजे वर्षभर वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्यासारखं दिसतं. ताई या कामाला कधी बसली नाही. म्हणायची, "मी न केलेलं लिहीत नाही. हात दुखतो माझा." आणि खरोखर मनगटाला क्रेप बँडेज बांधून यायची.

ताई खाडीतल्या ढोमी माशाचं वय काढायची. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, पांढरे टणक खडे असतात. मासा जसा वाढतो तसा खडाही वाढतो, त्यामुळे खडा जपून काढला, वाळवला आणि अचूक तोलला की माशाचं वय कळतं. हे काम ऐकायला जितकं सोपं तितकंच सोपं आहे, फक्त त्याला एक लॅब लागते. ती नसल्यामुळे ताईने अख्ख्या गावाची लॅब केली होती. मासे बाळकुमच्या एका कोळीण मावशीकडून. ती दर खेपेला विचारायची, "कशाला गो पोरी तुला मावऱ्याचं वय? लगीन जुलवाचं हाय का त्याचं?" तरीही डोकी फुकट द्यायची. बर्फही तिचाच. मासे ठेवायला डोंबिवलीच्या एका आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर होता. त्यात सीताफळ आणि मलई कुल्फी यांच्यामधला कप्पा ताईचा. हत्यारं निर्जंतुक करायला दाताचा डॉक्टर. आणि नमुने गरगर फिरवून घ्यायला एक पॅथॉलॉजीवाला, दुपारी दोन ते चार, पेशंट नसताना. एकदा तिथे ताई जरा उशिरा गेली, तर गडबडीत तिच्या नळ्या पेशंटांच्या नळ्यांत मिसळल्या आणि बाळकुमच्या एका ढोमीचं कोलेस्टेरॉल काढून मिळालं. "नॉर्मल आहे," ताईने मला रिपोर्ट दाखवत सांगितलं, "सरांपेक्षा बरं आहे."

या सगळ्या सोयींची नोंद एका जाड वहीत असायची आणि ती वही डिपार्टमेंटमधल्या कुणालाही उघडी होती. नवा पोरगा रडकुंडीला आला की ताई वही काढायची, "बोल, काय अडलंय?" आम्ही अर्धा डझन पोरंपोरी त्या वहीवर पास झालो. स्वतःचं काम बाजूला टाकून ती आम्हाला घेऊन उन्हातान्हात फिरायची. कौतुक केलं तर मात्र खेकसायची, "चल रे, गाढवा, मस्का नको. पेटी धर."

आता मुख्य गोष्ट, काट्याची. उपकरण कक्षात एकच वस्तू खरोखर उघडी आणि चालू होती. तो परदेशी वजनकाटा, काचेच्या पेटीतला. कागदावर पेन्सिलीने रेघ मारलीत तर त्या रेघेचं वजन दाखवेल असा नाजूक, आणि जास्तीत जास्त दोनशे ग्रॅम झेपणारा. माझ्या पहिल्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. सर झब्बा घालून आले, प्रत्येक प्लॅस्टिकवर हळदकुंकू, झेंडूची माळ. मी आरतीचं तबक धरून उभा होतो. शेवटी सर काट्यापाशी आले. सगळ्यात चकचकीत यंत्र तेच, तेव्हा मुख्य मान त्याचा. सरांनी भक्तिभावाने काचेचं दार सरकवलं आणि त्या इवल्याशा तबकडीवर शेंडीसकट अर्ध्या किलोचा नारळ ठेवला. मागून ताई ओरडली, "सर, दोनशे ग्रॅम!" सर हात जोडूनच म्हणाले, "अगं, प्रसादाचं नंतर बघू." काट्याने एकदा कुईं केलं, आणि पडद्यावर चार आडव्या रेघा आल्या. त्या आजतागायत आहेत.

दुरुस्तीला फोन करायचा ना, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात शिकलेले दिसत नाही. दुरुस्तीच्या अर्जात 'बिघाडाचे कारण' असा रकाना असतो. त्यात 'श्रीफळ' कोण लिहिणार? आणि खाली सही कोणाची, तर विभागप्रमुखांची. त्यापेक्षा काटा बिघडलेलाच नाही हे सोपं. ताई म्हणाली, ठीक आहे, मुंबईच्या मोठ्या संस्थेत त्यांच्या काट्यावर वेळ मागते. तिथल्या अर्जात पहिलाच प्रश्न, 'ही सुविधा आपल्या महाविद्यालयात उपलब्ध आहे काय?' सरांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'होय.' संपलं. ज्यांच्याकडे आहे त्यांना मोठी संस्था कशाला वेळ देईल?

महिनाभर ताई सुतकात असल्यासारखी फिरत होती. मग एक दिवस आईची तुटलेली साखळी घेऊन ती नौपाड्यातल्या एका जुन्या सोनाराकडे गेली आणि तिथून उड्या मारतच आली. "अरे, काय माणूस आहे! वजन करायच्या आधी पंखा बंद करतो. काचेचं दार लावतो. आकडा थांबेपर्यंत बोलू देत नाही. गिऱ्हाइकाला म्हणतो, टेबलाला पोट लावू नका! आपल्याकडे एवढं कुणी शिकवलंय का रे?" दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तिथे. ताईचे खडे आणि माझ्या गोगलगायी, कारण मी तेव्हा खाडीकाठच्या खाजणातल्या बारक्या गोगलगायी वाळवून तोलत होतो, किंवा तोलायला हव्या होत्या.

सोनारकाका टोपीवाले, मोजकं बोलणारे. त्यांनी पहिला खडा चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिला, कसला आहे विचारलं, ताईने सांगितलं, आणि कपाळावर आठी न आणता त्यांनी पंखा बंद केला. प्रत्येक खडा तोलून झाला की गुलाबी कागदाच्या पुडीत. पण ती शनिवारची संध्याकाळ होती आणि दुकानात बांगड्या बघायला एक बाई बसल्या होत्या. त्यांची नजर खड्यांवर. "हे कसले हो पांढरे? मोती का? मलाही एक जोड दाखवा." झालं! शास्त्रात कुणी रस दाखवला की ताईचा तोल जातो. तिने माशाच्या कानापासून सुरुवात केली ती पेटी उघडून डोकं दाखवण्यापर्यंत गेली. बाई बांगड्या न घेताच उठल्या. काका शांतपणे म्हणाले, "हे बघ, तू हुशार आहेस. पण धंद्याच्या वेळेला हुशारी नको. अमावास्येला येत जा. त्या दिवशी सोन्याला कुणी हात लावत नाही. आणि पितृपक्षात रोज या, पंधरा दिवस मी माशाच मारत बसलेला असतो."

अशी आमची लॅब पंचांगावर चालू झाली. इतर विद्यापीठांत पोरं ऑनलाइन वेळ घेतात, आम्ही कालनिर्णयाचं पान उलटायचो. अमावास्या आली की वाळवलेल्या गोगलगायी आणि धुतलेले खडे घेऊन नौपाड्यात हजर. काका चहा मागवायचे, पंखा बंद करायचे, घामाने आम्ही थबथबायचो आणि आकडा थांबायची वाट बघायचो. खरं सांगतो, मी आयुष्यात शास्त्र म्हणून जे काही शिकलो ते त्या गादीवर मांडी घालून शिकलो.

आणि तरीही मी माती खाल्ली. माझा प्रकल्प लिहायची वेळ आली. 'वजने कोठे घेतली' या ओळीशी मी अडलो. सोनाराचं दुकान लिहायला लाज वाटली. सरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "कॉलेजचा काटा लिही रे. रजिस्टरला नोंदी आहेतच." त्या नोंदी मीच जेल पेनने केलेल्या. मी लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक बाई आल्या, फार कडक म्हणून नाव. त्यांनी माझे तक्ते चाळले आणि म्हणाल्या, "या सगळ्या तारखा अमावास्येच्या आहेत. का?" सोनाराचं दुकान माझ्या ओठांपर्यंत आलं. पण ते तोंडातून शास्त्र होऊन बाहेर पडलं. "मॅडम, अमावास्येच्या उधाणाचा गोगलगायींच्या वजनाशी काही संबंध असावा, असं गृहीतक होतं." बाईंचा चेहरा उजळला. "शाबास! हल्ली चंद्राकडे कुणी लक्षच देत नाही." मला भरघोस मार्क पडले. त्या मार्कांवर डोंबिवलीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली. खातं कोणतं, तर गुणवत्तेचं. रोज सकाळी कारखान्यातले सगळे काटे बरोबर आहेत अशी सही मी करतो.

बाइंडिंग केलेली प्रत ताईला दाखवायला नेली. ती कौतुकाने पानं उलटत गेली, त्या पानाशी आली, ती ओळ वाचली. मी दुसरीकडे बघत होतो. ताईने प्रत मिटली, वरून हात फिरवला. "बाइंडिंग छान झालंय," एवढंच म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी ताईची मुदत भरत आली. वाढवून मिळालेलं वर्षही संपत होतं. मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सात वर्षांचे मासे अक्षरशः पाण्यात. प्रबंध तयार होता, फक्त सरांची सही हवी होती, आणि सर एका ओळीवर अडून बसले होते. ताईने लिहिलं होतं, 'खड्यांची वजने नौपाडा येथील एका सोन्याच्या दुकानातील, वजनमाप खात्याचा शिक्का असलेल्या काट्यावर, अमावास्येच्या दिवशी घेतली.' सर ओरडले, "अगं, हा प्रबंध आहे की लग्नाची यादी? लोक हसतील मला! कॉलेजचा काटा लिही, आत्ता सही करतो." ताई म्हणाली, "नाही लिहिणार." तीन आठवडे हेच चाललं. घरी आई रडायची, लग्नं झालेल्या मैत्रिणी समजवायच्या. मलाही राहवलं नाही. तिला फोन करून म्हटलं, "ताई, टाक ना लिहून. कोण बघतंय?"  ती म्हणाली, "अरे, उद्या कुणीतरी पोरगी माझं वाचून हेच काम करायला घेईल. कॉलेजच्या काट्यावर चार रेघा बघेल, आणि तिला वाटेल की आपलंच काहीतरी चुकतंय. तिचं वर्ष जाईल. ते कोण भरून देणार?"  अशी एखादी पोरगी मला माझ्या वेळी दिसलीच नव्हती.

शेवटी गाठ सोडवली ती सोनारकाकांनी. मार्च संपायला दोन दिवस असताना, ऐन धंद्याच्या दिवशी दुकान बंद ठेवून, टोपी घालून ते कॉलेजात आले. काखेत शिक्क्याचं प्रमाणपत्र, फ्रेमसकट. सरांच्या टेबलावर ते ठेवून म्हणाले, "आमच्या काट्याला सरकारी शिक्का लागतो, ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो. नाही घेतला तर दुकानाला टाळं. आपल्या काट्याला शेवटचा शिक्का कधी लागला, सर?" काट्याला शेवटचं जे लागलं होतं ते सरांना आठवलं असावं. हळदकुंकू. त्यांनी फ्रेम बाजूला सरकवली. मग पेन काढून म्हणाले, "सही करतो. पण त्या नारळाचा उल्लेख कुठे येता कामा नये." ताई चकित होऊन म्हणाली, "सर, नारळाचा माझ्या माशांशी काय संबंध?" आणि सही झाली.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही जाऊन बसावं. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो, तिसऱ्या रांगेत बसलो, आणि परीक्षक म्हणून आत कोण आलं? त्याच बाई.  ताईने छान मांडणी केली. बाईंनी चष्मा सावरला, तक्ता उघडला, आणि तोच उजळलेला चेहरा. "अमावास्या! तुम्हीही चंद्राचा अभ्यास केला का?" ताई सरळ म्हणाली, "नाही मॅडम. त्या दिवशी सोनं कुणी घेत नाही, म्हणून काटा मोकळा मिळतो." अख्खं सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शिक्क्याबद्दल विचारलं, पंख्याबद्दल विचारलं, एकच खडा किती वेळा तोलला ते विचारलं. ताईने एकेक सांगितलं. हळूहळू हसणं थांबलं. बाई म्हणाल्या, "वजनं कुठे घेतली हे इतकं स्वच्छ लिहिलेलं मी फार दिवसांनी वाचलं."

मग त्या पानं मिटता मिटता थांबल्या. "एक आठवलं. मागे इथल्याच एका मुलाच्या गोगलगायी तपासल्या होत्या मी. त्याच्याही तारखा अमावास्येच्या होत्या. काटा कॉलेजचा लिहिला होता त्याने. तोसुद्धा तुमच्याबरोबर त्या दुकानात यायचा का?"

सर छताकडे बघायला लागले. मी खुर्चीत खाली सरकलो. माझी डोंबिवलीतली नोकरी, रोजची ती सही, घरी नुकतंच ठरत आलेलं लग्न, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं बोलण्यासाठी सात वर्षं पणाला लावलेली बाई ती, आता काय बोलणार ते मला ठाऊक होतं, आणि ती बोलली असती तरी मी तिला दोष दिला नसता. निदान असं मी स्वतःला सांगत होतो.

ताई म्हणाली, "नाही मॅडम. तिथे मी एकटीच जायचे."

बाईंनी मान हलवली आणि सही केली. ताई डॉक्टर झाली. बाहेर पेढे वाटताना मी तिला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "ताई, असं का सांगितलंस?" तिने पेढा माझ्या हातावर ठेवला. "तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही ना? मग खा गुपचूप." आणि दुसऱ्याला पेढा द्यायला वळली.

आता ती कल्याणच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवते. फोन करते अधूनमधून, माझ्या पोरीची चौकशी करते. सात वर्षांच्या त्या जाडजूड प्रबंधात एकही खोटी ओळ नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण तो पुरा करताना, अगदी शेवटच्या प्रश्नाला, ती एक वाक्य खोटं बोलली आणि ते माझ्यासाठी बोलली. नोकरी कायम होऊनही आता किती वर्षं झाली. त्या बाईंना एक पत्र लिहायचं मी रोज ठरवतो, आणि अजून लिहिलेलं नाही.